नवरा-बायकोच्या नात्याने मिळालेलं ग्रीन कार्ड आणि ठाण्याच्या फेऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं तिकिटांचं ऑफिस नौपाड्यात आहे. मे महिना किंवा डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. कधी मुलगी न्यू जर्सीहून विचारते, कधी घोडबंदर रोडवरून तिची आई. लग्नामुळे अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळालेल्यांचे प्रश्न इतरांपेक्षा जरा वेगळे असतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत. मी वकील नाही. जिथे वकिलाशिवाय भागत नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. ग्रीन कार्ड हातात आहे. ठाण्याला येऊन परत जायला नेमकं काय लागतं?

चालू मुदतीचा भारतीय पासपोर्ट आणि चालू मुदतीचं ग्रीन कार्ड, बस. वेगळा व्हिसा लागत नाही. "तिकडे कार्डच बघतात, पासपोर्ट कोण विचारतो?" असं म्हणणारे भेटतात. पण मुंबईहून निघताना एअरलाइनच्या काउंटरवर आणि आपल्या इमिग्रेशनला पासपोर्ट दाखवावाच लागतो. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी करा. दोन्ही वस्तू हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही. आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. तो का, हे प्रश्न ९ आणि १६ वाचल्यावर कळेल.

२. मी पहिल्यांदाच जातेय. पासपोर्टवर इमिग्रंट व्हिसा आहे, कार्ड नाही. पंधरा दिवसांत भावाच्या लग्नाला परत येता येईल का?

येईल. भारतातल्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये होतात आणि तिथला व्हिसा पासपोर्टवर चिकटवून मिळतो. अमेरिकेत उतरल्यावर अधिकारी त्यावर शिक्का मारतात. त्या दिवसापासून एक वर्ष तो शिक्का मारलेला व्हिसाच ग्रीन कार्डाचं काम करतो. हे त्या व्हिसावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. काउंटरवरचा मुलगा नवखा असला तर ते बोटाने दाखवावं लागतं, एवढंच.

कार्ड टपालाने येतं आणि अमेरिकेतल्याच पत्त्यावर येतं. त्यासाठी २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरावी लागते. दोन महिने झाले तरी कार्ड का येत नाही, असं विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती भरलेलीच नसते.

३. मैत्रिणीला दहा वर्षांचं कार्ड मिळालं, मला दोनच वर्षांचं. का?

ज्या दिवशी कायम रहिवासी म्हणून तुमचा अमेरिकेत प्रवेश झाला (किंवा तिथेच अर्ज मंजूर झाला), त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड सशर्त मिळतं, दोन वर्षांचं. झाली असतील तर दहा वर्षांचं. व्हिसा कधी मिळाला याला महत्त्व नाही, प्रवेश कधी झाला याला आहे. म्हणून लग्नाचा दुसरा वाढदिवस आठवड्यावर आला असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर तिकीट दहा दिवस पुढे ढकलणं शहाणपणाचं. उतरल्यावर अधिकाऱ्याला लग्नाची तारीख आपणहून सांगा, कारण व्हिसावर सशर्त प्रकारच छापलेला असतो.

प्रवासापुरतं दोन्ही कार्डांचं वजन सारखंच आहे. फरक मुदत संपताना पडतो (प्रश्न ८).

४. अर्ज अमेरिकेतच केलाय, कार्ड अजून यायचंय. मध्येच ठाण्याला जाऊन येऊ का?

ॲडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात आल्याशिवाय निघू नका. आय-४८५, म्हणजे अमेरिकेत राहून केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज, प्रलंबित असताना तो कागद न घेता देश सोडला, तर अर्ज तुम्ही सोडून दिला असं धरतात. एच किंवा एल प्रकारच्या चालू (नोकरीच्या) व्हिसावर असणाऱ्यांना यातून सूट आहे. तीही वकिलाकडून खात्री करूनच वापरा.

५. एका वेळी भारतात किती दिवस राहता येतं? कोण सहा महिने म्हणतं, कोण एक वर्ष.

दोघंही अर्धवट बरोबर.

१८० दिवसांच्या आतली फेरी साधारणपणे बिनघोर. त्याहून जास्त राहिलात तर कायद्याच्या नजरेत तुम्ही परत येणारे रहिवासी न राहता नव्याने प्रवेश मागणारे ठरता, म्हणून चौकशी खोलवर होऊ शकते. एक वर्ष उलटलं की प्रवेशासाठी कार्ड चालत नाही, मग त्यावर मुदत शिल्लक असली तरी.

आता गैरसमज. ठाण्यात एक समजूत पक्की बसली आहे: दर पाच महिन्यांनी जायचं, शिक्का मारून घ्यायचा, आठ दिवस मॉलमध्ये फिरायचं आणि परत यायचं, की कार्ड जिवंत. मी स्वतः अशी तिकिटं काढून दिली आहेत, आणि त्यातल्या एका काकूंना तिसऱ्या फेरीला आतल्या खोलीत चार तास बसवलेलंही मला ठाऊक आहे. शिक्के मोजून अधिकारी थांबत नाहीत. घर कुठे आहे, नोकरी कुठे, बँकेचे व्यवहार कुठून होतात, कर कुठल्या हैसियतीने भरला, गाडीचा परवाना, विमा, हे सगळं ते विचारू शकतात. ग्रीन कार्ड हा तिथे राहण्याचा परवाना आहे, ये-जा करण्याचा पास नव्हे. संसार तिकडे आणि फेऱ्या इकडे असतील तर पाच महिन्यांचा मुक्कामही पचतो. उलटं असेल तर दोन महिन्यांचाही पचत नाही.

दिवस प्रत्येक फेरीचे वेगळे मोजतात, वर्षभराची बेरीज करून नाही. पण बेरीज करायला अधिकाऱ्याला कुणी अडवत नाही.

६. वडिलांची बायपास आहे, आई एकटी. वर्षाच्या वर राहावं लागेल असं दिसतंय. काही सोय?

सोय आहे: री-एन्ट्री परमिट, अर्ज आय-१३१. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. सशर्त कार्डवाल्यांना दोन वर्षं किंवा शर्ती काढण्याची तारीख, यातलं जे आधी येईल तेवढंच.

गोम अशी की अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असावं लागतं. ठाण्यात बसून तो करता येत नाही. अर्जानंतर बोटांचे ठसे द्यायला बोलावतात, तेही तिथेच. ठसे दिल्यावर मात्र निघता येतं आणि तयार परमिट मुंबईच्या कॉन्सुलेटमधून घेण्याचा पर्याय अर्जातच निवडता येतो. म्हणून "बघू, गरज पडली तर करू" हे इथे चालत नाही. आईवडिलांच्या आजारपणाची चाहूल लागली की आधी अर्ज, मग विमान.

परमिट असलं तरी ते एक वर्षाची अडचण दूर करतं, बाकीचे प्रश्न (प्रश्न ५) विचारले जातातच. नागरिकत्वाचं घड्याळही ते थांबवून धरत नाही (प्रश्न १३).

७. वर्ष उलटून गेलंय आणि परमिट नाही. आता?

रिटर्निंग रेसिडेंट व्हिसासाठी कॉन्सुलेटकडे अर्ज करता येतो, त्याला एसबी-१ म्हणतात. निघताना परत येण्याचा इरादा होता आणि तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने अडकलात, ही दोन्ही गोष्टी कागदांनिशी दाखवाव्या लागतात. हॉस्पिटलचे कागद चालतात. "मुलाची दहावी होती" हे सहसा चालत नाही. नाही जमलं तर नवरा किंवा बायको पुन्हा पहिल्यापासून तुमची फाइल टाकू शकते. वेळ आणि पैसे दोन्ही जातात, पण दार बंद होत नाही.

८. दोन वर्षांचं कार्ड मी ठाण्यात असतानाच संपणार आहे. परत कशी जाऊ?

सशर्त कार्ड 'रिन्यू' होत नाही, त्याच्या शर्ती काढाव्या लागतात. अर्ज आय-७५१, नवरा-बायको दोघांच्या सह्यांनी, कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत. अर्ज पोचला की पावतीचं पत्र येतं आणि ते संपलेल्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवतं. संपलेलं कार्ड आणि हे पत्र अशी जोडी घेऊन प्रवास करता येतो.

पत्र मूळ हवं. ते अमेरिकेतल्या पत्त्यावर येतं, म्हणून नवऱ्याला कुरिअर करायला सांगा किंवा अर्ज करून, पत्र घेऊनच निघा. एका ओळखीच्या मुलीला मुंबई विमानतळावर "तुमचं कार्ड एक्स्पायर्ड आहे" म्हणून काउंटरवर थांबवून ठेवलं. हातात मूळ पत्र होतं, ड्युटी मॅनेजरला बोलावलं, त्याने फोन केला आणि प्रश्न मिटला. पण विमान सुटायला चाळीस मिनिटं उरली होती. अशा वेळी चार तास आधी पोचा. घोडबंदरचा ट्रॅफिक त्या चार तासांच्या बाहेर धरा.

९० दिवसांची खिडकी चुकवली तर दर्जाच संपू शकतो. सहलीची तारीख ठरवण्याआधी कार्डावरची तारीख बघा.

९. कार्ड हरवलं. लोकलमध्ये पर्स गेली.

पोलिसांत तक्रार नोंदवा. मग आय-१३१ए हा अर्ज: फी ऑनलाइन भरायची आणि कॉन्सुलेटमध्ये हजर व्हायचं. विमानात बसू देण्यापुरता कागद मिळतो. नवं कार्ड अमेरिकेत पोचल्यावर आय-९० भरून मागवायचं. ही सोय बाहेर राहून एक वर्ष व्हायच्या आतच आहे (परमिट असेल तर दोन वर्षं). कार्डाचा फोटो असेल तर हे सगळं लवकर उरकतं. पासपोर्टही गेला असेल तर तो आधी काढा, ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटला आहे.

१०. लग्नानंतर नाव बदललं. कार्डावर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं. चालेल?

आपल्याकडे आडनावच नव्हे, मधलं नावही बदलतं: वडिलांच्या जागी नवऱ्याचं. त्यामुळे कार्ड आणि पासपोर्ट शेजारी ठेवले की दोन वेगळ्या बायका वाटाव्यात अशी वेळ येते. तिकीट पासपोर्टवरच्या नावाप्रमाणेच काढा, अक्षर न् अक्षर. सोबत विवाह नोंदणीचा दाखला ठेवा, महापालिकेचा असतो तो. लग्नपत्रिका आणि फोटोंनी काम होत नाही. जमेल तेव्हा दोन्हीकडे एकच नाव करून घ्या.

पासपोर्ट नवा झाला असेल आणि शिक्का मारलेला व्हिसा जुन्यावर असेल (प्रश्न २), तर दोन्ही सोबत.

११. वाटेत दुबई, फ्रँकफर्ट किंवा लंडन आहे. ट्रान्झिट व्हिसा लागेल का? आणि कार्डावर आणखी कुठे फिरता येतं?

चालू ग्रीन कार्ड असेल तर जर्मनी-फ्रान्सच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायला ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. लंडनमध्येही विमान बदलण्यापुरती सूट आहे. पण शहरात चार दिवस फिरायचं म्हटलं की युरोपसाठी शेंगेन आणि ब्रिटनसाठी ब्रिटनचा व्हिसा लागतोच. शेंगेनचा तुम्ही राहता तिथून, म्हणजे अमेरिकेतून काढायचा.

मेक्सिकोला व्हिसा नको. कॅनडालाही पासपोर्ट आणि चालू कार्ड पुरतं, एप्रिल २०२२ पासून ईटीए (ऑनलाइन प्रवास-परवानगी) सुद्धा लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीत कार्डाची किमान सहा महिने मुदत शिल्लक असेल तर उतरल्यावर व्हिसा मिळतो. प्रश्न ८ मधली 'संपलेलं कार्ड आणि पत्र' जोडी अमेरिकेला मान्य आहे म्हणून प्रत्येक देशाला मान्य असेलच असं नाही. ती असेल तर माझा सल्ला एकच, थेट विमान घ्या.

१२. सामानाचं काय? आईने हापूसची पेटी बांधून ठेवलीय.

पेटी शेजाऱ्यांना द्या. २००७ पासून हापूस अमेरिकेत जातो आणि त्यासाठीचं एक विकिरण केंद्र आपल्याच वाशीत आहे, पण तो निर्यातदाराच्या पेटीतून जातो. प्रवाशाच्या बॅगेतून नाही. हवाबंद डब्यातला आमरस चालतो, फॉर्मवर किंवा तोंडी सांगून टाका. मटण-चिकनचा कुठलाही प्रकार नको. दुबईमार्गे जात असाल तर खसखस बॅगेत ठेवू नका, तिथे तिच्यावर बंदी आहे. घरच्या गोड्या मसाल्यात ती असते हे आठवणीत राहत नाही. १०,००० डॉलरच्या वर रोकड असेल तर जाहीर करावी लागते.

आणखी एक. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावर 'मुंबई' वाचून गाडी सहारला वळवू नका. कोड बघा, बीओएम म्हणजे सहार आणि एनएमआय म्हणजे उलवे. दिल्लीहून पुढे जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

१३. या फेऱ्यांमुळे नागरिकत्व लांबतं का?

लांबू शकतं. अमेरिकी नागरिकाशी लग्न असेल आणि एकत्र राहत असाल तर कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी अर्ज करता येतो, नाहीतर पाच. तीन वर्षांच्या हिशेबात किमान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावं लागतं, पाचच्या हिशेबात ३०. सशर्त कार्डाचा काळही धरतात. सहा महिन्यांवरची एखादी फेरी झाली तर अमेरिकेतल्या राहण्याचा सलगपणा तुटला असं मानतात आणि तो तुटला नाही हे तुम्ही पटवायचं. वर्षाची फेरी असेल तर पटवण्याचा प्रश्नच नाही, तुटतोच.

इथे एक चूक हमखास होते. नवरा स्वतः गेल्याच वर्षी नागरिक झाला असेल, तर तुमची तीन वर्षं तुमच्या कार्डापासून मोजून उपयोग नाही. तोही ती तिन्ही वर्षं नागरिक असायला हवा.

१४. बाळंतपणाला माहेरी येतेय. ठाण्यात जन्मलेल्या बाळाला कसं न्यायचं?

माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांतला हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात उशिरा विचारला जाणारा.

नवरा अमेरिकी नागरिक असेल तर आधी बाळ जन्मतःच नागरिक आहे का ते बघा. बाळाच्या जन्माआधी नवऱ्याने अमेरिकेत एकूण पाच वर्षं, आणि त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, प्रत्यक्ष काढली असतील तर आहे. मग कॉन्सुलेटमध्ये जन्माची नोंद करून बाळाचा अमेरिकी पासपोर्ट काढायचा. भारतातून निघताना त्या बाळाला ई-एफआरआरओवरून (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) एक्झिट परमिट, म्हणजे देश सोडण्याची परवानगी, घ्यावं लागतं. यात काही आठवडे जातात, म्हणून बारशाच्या आधीच कागदांना लागा.

नवराही ग्रीन कार्डवालाच असेल तर नियम वेगळा आहे आणि बराच दयाळू आहे. ग्रीन कार्डवाली आई तात्पुरती परदेशी असताना बाळ जन्मलं, तर त्याला इमिग्रंट व्हिसा लागत नाही. अट अशी की बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत जावं, आणि जन्मानंतर आई किंवा वडील पहिल्यांदा परत जातील तेव्हा त्यांच्यासोबतच जावं. बाळाचा भारतीय पासपोर्ट, महापालिकेचा जन्मदाखला आणि आईचं कार्ड सोबत. उतरल्यावर बाळाची नोंद कायम रहिवासी म्हणून होते.

ही 'पहिल्यांदा' शब्दाची गोष्ट फार जपा. आपल्याकडे सर्रास काय होतं? आईची रजा संपते, ती एकटी परत जाते, बाळ वर्षभर आजीकडे. आजीला आनंद, पण आई बाळाशिवाय परत गेली की ती सूट गेली. मग बाळासाठी फाइल टाकून व्हिसाची वाट बघत बसायचं. तीन महिन्यांचं बाळ घेऊन सोळा तासांचा प्रवास नको वाटतो हे मला कळतं. तरीही न्या. एअरलाइनच्या काउंटरला हा नियम ठाऊक नसेल असं धरून आधी लेखी विचारून ठेवा.

१५. जुनी पोलीस केस आहे, किंवा तिकडे दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण झालं होतं. प्रवास करू का?

तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. अमेरिकेत राहताना जे प्रकरण झोपलेलं असतं ते परत शिरताना जागं होऊ शकतं. गांजाबद्दलही सांगतो: राज्यात दुकानातून कायदेशीर घेतलेला असला तरी केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच आहे, आणि ग्रीन कार्डवाल्याने नुसती कबुली दिली तरी अडचण होते.

विमानतळावर कुणी आय-४०७ वर सही करायला सांगितली तर समजून घ्या, तो कार्ड स्वेच्छेने सोडल्याचा फॉर्म आहे. सही करायची सक्ती नाही. "मला इमिग्रेशन जजसमोर बाजू मांडायची आहे" असं सांगता येतं. दमलेला माणूस रात्री दोन वाजता कशावरही सही करतो, म्हणून आईवडिलांना हे तोंडपाठ करायला लावा.

१६. नवऱ्याने सुट्टीला म्हणून आणलं, मला माहेरी सोडलं आणि पासपोर्ट-कार्ड घेऊन एकटाच निघून गेला. "तुझं कार्ड रद्द केलंय" म्हणतो.

तो रद्द करू शकत नाही. कार्ड लग्नामुळे मिळालं असलं तरी दर्जा तुमच्या नावावर आहे. तो काढण्याचा अधिकार अमेरिकेच्या सरकारला आहे, नवऱ्याला नाही. दिवस मात्र तुमच्या विरुद्ध मोजले जात असतात, तेव्हा समेटाच्या बैठकींत आठ महिने घालवू नका.

क्रम असा: पोलिसांत तक्रार, मग नवा पासपोर्ट, मग आय-१३१ए (प्रश्न ९). कार्ड सशर्त असेल तर नवऱ्याच्या सहीशिवायही आय-७५१ भरता येतो. घटस्फोट झाला असेल, किंवा मारहाण-छळ झाला असेल, तर जोडीने अर्ज करण्याच्या अटीतून सूट मागता येते, पण लग्न खरं होतं हे दाखवावं लागतं. एकत्र राहिल्याचे भाडेकरार, जॉइंट खात्याचे कागद, विम्याची पत्रं, फोटो, जे असेल ते आजच ईमेलवर उतरवून घ्या. सामायिक खात्याचा पासवर्ड उद्या बदललेला असू शकतो. परदेशी नवऱ्यांच्या अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष आहे, तिथेही अर्ज करा.

हे काम अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाचंच आहे, एजंटाचं नाही, आणि माझंही नाही. फोनवर बोलता येतं. पहिल्या फोनला तीन तारखा तयार ठेवा: भारतात कधी उतरलात, कार्ड कधी संपतं, लग्न कधी झालं.